पहिल्या रांगेतले पाच सॅक्सोफोन

घरात पेटी असेल तर आधी ती काढा. पांढरी एकचा सा धरू. उजव्या हाताची पाचही बोटं लागणार आहेत. करंगळी मध्य सप्तकातल्या प वर, अनामिका ग वर, मधलं बोट सा वर, तर्जनी मंद्र ध वर आणि अंगठा मंद्र प वर. पाचही पट्ट्या एकदम दाबा आणि भाता सावकाश चालवा. तळाशी ध आणि प एकमेकांना खेटून असल्यामुळे थोडी घासाघीस ऐकू येईल, वरचे स्वर मात्र गोड लागतील.

आता सगळा हात एक पायरी खाली आणा: म, रे, मंद्र नि, मंद्र कोमल ध (म्हणजे काळी चार) आणि मंद्र म. हा झुबका अस्वस्थ आहे, कुठेतरी जायला निघालेला. त्यावर फार थांबू नका. लगेच तिसरा: ग, सा, मंद्र ध, मंद्र प, मंद्र ग. आता कसं, घरी आल्यासारखं वाटतं.

तुम्ही वाजवलंत ते तसं पाहिलं तर नुसतं ‘प म ग’. एकट्या करंगळीने तेवढंच वाजवून बघा, साधी तीन पायऱ्यांची उतरंड आहे. पण पाच बोटांनी वाजवताना प्रत्येक बोटाच्या वाट्याला आपापली ओळ आली. अनामिकेने ‘ग रे सा’ म्हटलं, मधल्या बोटाने ‘सा नि ध’, अंगठ्याने करंगळीचीच ओळ एक सप्तक खालून. आणि तर्जनीने म्हटलं ‘ध, कोमल ध, प’. ही तर्जनीची ओळ माझी सगळ्यात लाडकी. अर्ध्या अर्ध्या स्वराने ती खाली घसरते आणि वरच्या गोडव्यात थोडा कडवटपणा कालवते. तो वेगळा ऐकू येत नाही, पण काढून टाकला तर सगळंच सपक लागतं.

अमेरिकेतल्या बिग बँडमध्ये पहिल्या रांगेत बसलेले पाच सॅक्सोफोनवाले नेमकं हेच करतात. एक सुरावट घ्यायची, तिच्या प्रत्येक स्वराखाली चार स्वर लावायचे आणि पाच जणांनी ती अशी वाजवायची की ऐकणाऱ्याला पाच वाद्यं नव्हे, एकच जाड, मऊ, वळणदार आवाज ऐकू यावा. ज्यांना जॅझचं फारसं काही कळत नाही अशी माणसंही हा आवाज आला की मान वर करून बघतात. का बघतात, ते समजून घेऊ.

बिग बँड म्हणजे साधारण सतरा माणसांचा ताफा. मागच्या रांगेत चार ट्रम्पेट, मधल्या रांगेत चार ट्रॉम्बोन, पुढे पाच सॅक्सोफोन, आणि बाजूला ठेका धरणारी मंडळी: पियानो, गिटार, डबल बास आणि ड्रम. सॅक्सोफोन पुढे बसतात, कारण मागच्या पितळी वाद्यांच्या मानाने त्यांचा आवाज सौम्य असतो. पाचांत दोन अल्टो, दोन टेनर आणि एक बॅरिटोन. अल्टो सर्वांत उंच आवाजाचा, टेनर त्याच्याहून चार स्वर खाली, आणि बॅरिटोन अल्टोच्या बरोबर एक सप्तक खाली. मघाच्या पेटीवर बसवायचं तर करंगळी पहिला अल्टो, अनामिका दुसरा अल्टो, मधलं बोट पहिला टेनर, तर्जनी दुसरा टेनर आणि अंगठा बॅरिटोन.

हे एकमेकांत इतकं मिसळतं त्याचं पहिलं कारण वाद्याच्या घडणीत आहे. बेल्जियममधल्या दिनाँ गावात जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्सने १८४० च्या दशकात हे वाद्य घडवलं आणि १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं असलं तरी आवाज पितळेचा नाही. तो येतो तोंडाशी बांधलेल्या एका रीडमुळे, म्हणजे बोरूसारख्या गवताच्या दांड्यापासून तासलेल्या पातळ पट्टीमुळे. फुंकर मारली की ती पट्टी थरथरते आणि नळीतली हवा बोलू लागते. ही नळी तोंडाशी निमुळती आणि पुढे रुंद होत जाणारी आहे, आपल्या सनईसारखी. क्लॅरिनेटची नळी जवळपास सरळ असते, त्यामुळे त्याच्या खालच्या स्वरांत काही उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणारे वरचे बारीक स्वर, फार क्षीण असतात आणि आवाज पोकळ, लाकडी वाटतो. निमुळत्या नळीत सगळे उपस्वर भरून येतात. सॅक्सोफोन ऐकताना माणसाच्या गळ्याची आठवण होते, त्यामागे हा भरलेपणा मोठा आहे.

सॅक्सने एकच वाद्य केलं नाही, अख्खं कुटुंब केलं. लहानमोठी भावंडं, पण सगळ्यांवर बोटं पडतात ती सारखीच. पाच जण एकत्र वाजवतात तेव्हा पाच वेगळ्या जातीचे आवाज एकत्र येत नाहीत. एकाच घरातली माणसं बोलत असतात. म्हणूनच ध आणि प ची ती तळाची घासाघीस कानाला टोचत नाही. तेच दोन स्वर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला वाटून दिले तर भांडण ऐकू येईल. एकाच जातीच्या आवाजात ते नुसतं खरबरीत पोत होऊन बसतं, घोंगडीच्या लोकरीसारखं.

पण मग पेटीवर ते तसं का लागलं नाही? स्वर तर तेच होते, आणि पेटीतही रीडच असते. लागलं नाही, कारण पेटीला भाता एकच. पाचही स्वर एका क्षणी सुरू, एका क्षणी बंद, सगळ्यांवर दाब सारखा. सॅक्सोफोनच्या रांगेत पाच छात्या असतात, पाच जोडी ओठ असतात. स्वराला खालून हलकेच चढून येता येतं, शेवटी सोडून देता येतं, मधला एखादा स्वर नुसता गिळता येतो, म्हणजे बोटं पडतात पण आवाज जेमतेम निघतो. पाच माणसांनी हे सगळं एकाच क्षणी, एकाच मापाने करायचं. माझ्या मते या आवाजाची खरी जादू इथेच आहे. स्वरांची मांडणी कागदावर शिकता येते. एखादा स्वर पाच जणांनी मिळून गिळायचा, हे मात्र बरोबर बसून वर्षानुवर्षं वाजवल्याशिवाय जमत नाही.

हे जमवून आणतो तो पहिला अल्टो. तो रांगेच्या मध्यभागी बसतो. त्याच्या मागे पहिला ट्रॉम्बोन आणि त्याच्या मागे पहिला ट्रम्पेट, म्हणजे ताफ्याचा कणा एका रेषेत. स्वर किती लांबवायचा, कुठे तोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, कंप किती द्यायचा, हे सगळं तो ठरवतो, आणि तेही तोंडाने न बोलता, वाजवून. बाकीचे चौघं त्याच्या आवाजाच्या आत शिरून वाजवतात. दिंडीत टाळकरी विणेकऱ्याकडे न बघताही त्याची चाल ओळखतात, तसं काहीसं. दुसरा अल्टो हा तर खास त्यागाचा हुद्दा आहे. त्याने पहिल्याला इतकं चिकटून वाजवायचं की आपण आहोत हे कुणाच्या लक्षातही येऊ नये. काउंट बेसीच्या १९५० आणि ६० च्या दशकांतल्या बँडची रांग जी एका कापडातून कापल्यासारखी वाजते, तिच्या मध्यभागी मार्शल रॉयल हा पहिला अल्टो जवळपास वीस वर्षं बसला होता.

ही पद्धत एका रात्रीत आली नाही. १९२० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये रोझलँड नावाच्या नाचघरात फ्लेचर हेंडरसनचा बँड वाजवायचा. ध्वनिवर्धकांची आजच्यासारखी सोय नाही आणि समोर शेकडो माणसं नाचताहेत. तीनचार वादकांनी आपापल्या मनाने वाजवून एवढी जागा भरत नाही, म्हणून माणसं वाढली. माणसं वाढली की लिहून ठेवावं लागतं. ते लिहिण्याचं काम डॉन रेडमन या सॅक्सोफोनवादकाने केलं. त्याने ताफ्याचे गट पाडले आणि त्यांच्यात बोलाचाली लावून दिली. सॅक्सोफोनने एक वाक्य टाकायचं, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनने उत्तर द्यायचं. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी झील धरतात, हे ज्याने ऐकलंय त्याला ही युक्ती परकी वाटायची नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या चर्चमध्ये आणि श्रमगीतांत ती आधीपासून होतीच.

१९२४ मध्ये लुई आर्मस्ट्राँग या बँडमध्ये आला. राहिला जेमतेम वर्षभर, पण स्वरांना झोका कसा द्यायचा, ठेक्याच्या किंचित मागे कसं रेलायचं हे तो सगळ्यांना दाखवून गेला. पुढचा प्रश्न सॅक्सोफोनवाल्यांचा होता: एक माणूस मनाने असं वाजवू शकतो, पण तीनचार माणसं एकदम कशी वाजवणार?

त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर बेनी कार्टरने दिलं. तो स्वतः अल्टो वाजवायचा आणि रचनाही लिहायचा. १९३० च्या सुमारास त्याने सॅक्सोफोनच्या रांगेसाठी अशा ओळी लिहायला घेतल्या की वाटावं, कुणीतरी एकटा माणूस आत्ता, या क्षणी, सुचेल तसं वाजवतोय. फक्त त्याला एकदम चारपाच गळे फुटलेत. याला सोली म्हणतात. एकट्याने वाजवलं तर सोलो, त्याचंच इटालियन अनेकवचन सोली. गाण्याचं एक अख्खं आवर्तन, बहुधा ३२ बारांचं, म्हणजे चार-चार मात्रांचे ३२ विभाग, सॅक्सोफोनच्या हवाली केलं जातं. बरेचदा वादक उभे राहतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन गप्प. खाली फक्त ठेका.

सोली हा प्रकार मला फार मोठा वाटतो. जॅझची सगळी मिजास उत्स्फूर्ततेची, आणि सोलीतला शब्दन्‌शब्द आधी लिहिलेला असतो. तरीही ती उत्स्फूर्त वाटली पाहिजे. म्हणजे लिहिणाऱ्याने आधी मनात एक ताजी, बोलकी फिरत सुचवून घ्यायची, मग तिच्या प्रत्येक स्वराखाली चार स्वर बसवायचे. गाण्याच्या सुरावटीतल्या घरच्या स्वरांवर सा-ग-प-ध सारखा स्थिर झुबका द्यायचा, आणि जाता जाता लागणाऱ्या स्वरांवर मघाच्यासारखा अस्वस्थ झुबका. स्थिर, अस्वस्थ, स्थिर, अस्वस्थ, असं करत ओळ पुढे सरकते. ऐकणाऱ्याला या जोड्या कळत नाहीत, त्याला नुसती चाल जाणवते. कधी जास्त मोकळा आवाज हवा असेल तर वरून दुसरा स्वर उचलून एक सप्तक खाली टाकतात. मघाचा पहिला झुबका घेऊन अनामिकेखालचा ग काढा आणि डाव्या हाताने मंद्र ग दाबा. भाता कुणाला तरी धरायला सांगा. खोलीची खिडकी उघडल्यासारखं होतं.

हे ट्रम्पेटकडून का करवून घेत नाहीत? घेतातही, पण ट्रम्पेटवाल्याचे ओठ दमतात आणि पितळी आवाजाला धार असते. सॅक्सोफोनला बोटांखाली चाव्या आहेत, पाण्यासारखी फिरत निघते आणि दीर्घकाळ निघते.

१९३५ मध्ये बेनी गुडमनचा बँड लॉस एंजेलिसच्या पालोमार नाचघरात गाजला आणि देशभर स्विंगचं, म्हणजे या झोकेदार, नाचायच्या जॅझचं वेड पसरलं. त्याच्या वादकांपुढच्या स्टँडवर फ्लेचर हेंडरसनचेच कागद होते, हे मुद्दाम सांगायला हवं. गोऱ्या बँडच्या नावावर जमा झालेलं यश बऱ्याच अंशी एका कृष्णवर्णीय रचनाकाराच्या लेखणीचं होतं. गुडमनच्या त्या रांगेत चारच सॅक्सोफोन होते. बॅरिटोन सगळीकडे रुळला तो त्यानंतर.

बॅरिटोनचं नाव घेतलं की ड्यूक एलिंग्टनकडे वळावंच लागतं. हॅरी कार्नी १९२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी त्याच्या बँडमध्ये आला आणि १९७४ मध्ये एलिंग्टन वारला तोपर्यंत तिथेच होता. त्याच वर्षी काही महिन्यांनी तोही गेला. सत्तेचाळीस वर्षं एकाच खुर्चीवर. दौऱ्यावर बँड बसने जायचा आणि एलिंग्टन मात्र कार्नीच्या मोटारीत बसायचा. इतक्या सहवासातून एकमेकांचा आवाज जसा कळतो तसा एलिंग्टनला कार्नीचा कळला होता. मघाच्या पेटीवर मी बॅरिटोनला नुसती वरच्या ओळीची सावली केलं, तो झाला सर्वसाधारण नियम. एलिंग्टन हा नियम हवा तेव्हा मोडायचा. कार्नीला तो झुबक्यातला सगळ्यात रंगतदार, टोकदार स्वर द्यायचा, आणि सगळ्या रांगेचा रंगच बदलून जायचा. तो ‘बॅरिटोन’साठी लिहीत नव्हता, कार्नीसाठी लिहीत होता. अल्टो म्हटला की त्याच्या डोळ्यापुढे जॉनी हॉजेसच असायचा, स्वरावरून स्वरावर लोण्यासारखा ओघळणारा. १९४० मध्ये बेन वेबस्टर हा दणदणीत टेनरवाला आला आणि रांग पाचाची झाली. त्याच वर्षीच्या ‘कॉटन टेल’च्या ध्वनिमुद्रणात पाच जणांची जी सोली आहे ती वेबस्टरनेच रचली असं मानलं जातं. ती ऐकाच. पाच अगदी वेगळे स्वभाव एकाच वाक्यात बोलतात आणि तरी प्रत्येकाचा आवाज ओळखू येतो.

मिसळणं म्हणजे सारखं होणं नव्हे, हे काउंट बेसीच्या पहिल्या बँडमध्येही दिसतं. त्याच्याकडे दोन टेनर होते. हर्शेल एव्हन्सचा आवाज भरदार, कंप मारणारा, आणि लेस्टर यंगचा हलका, कोरडा, बिनकंपाचा. बेसीने दोघांना रांगेच्या दोन टोकांना बसवलं आणि त्यांच्यातला फरक हेच बँडचं बळ केलं. त्या बँडचं बरंचसं वाजवणं कागदावर नसायचंच. कॅन्सस सिटीतल्या रात्रींमध्ये कुणीतरी एक छोटा तुकडा वाजवायचा, शेजारचा त्याखाली आपला स्वर शोधायचा, तिसरा आपला. तासाभरात रांगेची रचना तयार व्हायची आणि पाठच होऊन जायची.

ग्लेन मिलरने तर पहिल्या अल्टोची जागाच बदलली. त्याने सगळ्यात वर क्लॅरिनेट ठेवलं, तीच ओळ एक सप्तक खाली टेनरला दिली आणि मधल्या पोकळीत बाकीचे सॅक्सोफोन भरले. १९३९ च्या ‘मूनलाइट सेरेनेड’चा तो मंद चांदणी आवाज म्हणजे हीच मांडणी. लोकांना ती प्रचंड आवडली. मला ती सुंदर वाटते पण थोडी काचेआडची. माणसांचा घाम तिथपर्यंत पोहोचत नाही.

याच्या अगदी उलट १९४७ मधला प्रयोग. वूडी हर्मनच्या बँडसाठी जिमी जुफ्रीने ‘फोर ब्रदर्स’ लिहिलं. त्यात रांगेतून अल्टोच काढून टाकले. तीन टेनर आणि एक बॅरिटोन: स्टॅन गेट्झ, झूट सिम्स, हर्बी स्टुअर्ड आणि सर्ज चॅलोफ. टेनरवाले तिघंही लेस्टर यंगच्या वळणाचे. टेनर त्याच्या उंच भागात वाजवला की आवाज थोडा ताणलेला, पातळ, तरुण होतो. अशा तीन आवाजांना अगदी जवळजवळ बसवल्यावर जे झालं ते आधी कुणी ऐकलं नव्हतं.

तोवर मोठ्या बँडचे दिवस भरत आले होते. युद्ध, नाचघरांवरचा कर, सतरा जणांचे पगार आणि प्रवासखर्च. १९४६ च्या अखेरीस अनेक नामांकित बँड एकापाठोपाठ एक बंद झाले. रांग मात्र टिकली. १९७२ मध्ये सुपरसॅक्स नावाचा गट निघाला. त्यांनी अल्टोवादक चार्ली पार्करच्या ध्वनिमुद्रणांतल्या सोलो, म्हणजे त्याने त्या क्षणी सुचेल तशा, वाऱ्याच्या वेगाने वाजवलेल्या फिरती, कागदावर उतरवल्या आणि पाच सॅक्सोफोनसाठी झुबके लावून वाजवल्या. कार्टरने लिहिलेलं उत्स्फूर्त वाटायला लावलं होतं, यांनी उत्स्फूर्त होतं ते लिहून पाच जणांत वाटलं. आणि न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या छोट्या क्लबात १९६६ मध्ये थॅड जोन्स आणि मेल लुईस यांनी दर सोमवारी वाजवायला सुरुवात केली. त्यांची परंपरा चालवणारा बँड आजही तिथे सोमवारीच वाजवतो.

आपल्याकडेही हा आवाज लवकर पोहोचला. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकन-अमेरिकन बँडप्रमुख आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. मुंबईतल्या गोवेकर वादकांनी तो आवाज कान टवकारून ऐकला. त्यांना स्वरलिपी वाचायला गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच शिकवलेलं होतं, त्यामुळे कागद समोर आला की वाजवायला अडचण नव्हती. पुढे ताजमध्येच मिकी कोरिया या गोवेकर सॅक्सोफोनवादकाचा बँड दोन दशकं वाजला. नाचघरातून हीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते. अण्णांच्या नाचऱ्या गाण्यांत पितळी वाद्यं आणि सॅक्सोफोन एकमेकांना जे टोमणे मारतात, त्यांचा माग काढत गेलं की रोझलँडपर्यंत पोहोचता येतं.

ऐकायला कुठून सुरुवात करावी? मी ‘फोर ब्रदर्स’ सुचवेन, कारण त्यात सॅक्सोफोनखेरीज लक्ष जायला फारसं काही नाही. कानाला इअरफोन लावा. पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा अंगठ्याच्या मागे जा, म्हणजे बॅरिटोनच्या. तो खालून घुमत असतो, लवकर सापडतो. तिसऱ्यांदा मात्र मधले आवाज शोधा. अवघड आहे. मला कित्येक दिवस ते सापडेनात. मी वरची ओळ गुणगुणत बसायचो आणि कान आपोआप तिच्याकडेच जायचे. शेवटी एका संध्याकाळी एकच उतरती जागा पुन्हा पुन्हा लावून ऐकली आणि आतून एक आवाज अर्ध्या अर्ध्या पायरीने खाली येताना स्पष्ट ऐकू आला. पेटीवर माझ्या तर्जनीखाली असते तशीच ओळ. ती आख्खी वाजायला एक सेकंदसुद्धा लागत नाही.